पिकअपचा टायरप्रेशरचा पिवळा दिवा विझत नाही? शोरूमला जाण्याआधी हे करा

डॅशबोर्डवर आडव्या कापलेल्या टायरच्या आकाराचं एक पिवळं चिन्ह असतं. वर उघडं, खाली दातेरी, मधे उद्गारचिन्ह. हा टीपीएमएसचा, म्हणजे टायरमधल्या हवेवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचा दिवा. आमच्या जालन्याकडं यावर तीन इलाज चालतात. दिव्यावर चिकटपट्टी लावणं, पंक्चरवाल्याला "सगळ्या चाकांत चाळीस-चाळीस मार" म्हणणं, नाहीतर गाडी शोरूमला लावून सांगतील ते बिल भरणं. पहिला इलाज धोक्याचा, दुसरा अर्धवट आणि तिसरा बऱ्याचदा गरजेपेक्षा महाग.

आमच्या घरी दोन पिकअप आहेत. एक डबल कॅब, तिला कंपनीचीच यंत्रणा आहे. दुसरी भावाची मालवाहू. तिच्यावर मोसंबीच्या हंगामात अंबडहून भाडी असतात, एरवी मोंढ्यातला माल. तिला बाजारातलं सोलरवालं टीपीएमएस किट बसवलंय. दोन्हींनी आम्हाला पुरेसं छळलंय. त्यातून जो क्रम हाती लागला तो खाली देतो. सोपं आणि फुकटचं आधी, खर्चाचं शेवटी. मी सांगितलं नसेल तिथं क्रम मोडू नका, कारण निम्म्याहून जास्त वेळा दोष यंत्रणेत नसतोच. हवा कमी असते, नाहीतर व्हॉल्व्हनं किंवा पंक्चर काढणाऱ्यानं काहीतरी करून ठेवलेलं असतं.

काय जवळ ठेवायचं

- स्वतःचं एक बरं प्रेशर गेज. डिजिटल असो वा काट्याचं, पण मालवाहू गाडी असेल तर 100 पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं एकक) मोजणारं.
- फवारणीची छोटी बाटली, त्यात शाम्पूचं किंवा निरम्याचं पाणी.
- व्हॉल्व्हची पिन काढायची चावी. पंक्चरवाल्याकडं सहज मिळते.
- गाडीसोबत आलेलं मॅन्युअल. हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून मोबाईलमध्ये ठेवा.
- किट असेल तर त्याच्या डब्यातला प्लास्टिकचा छोटा पाना आणि माहितीचा कागद. हा कागद सगळे फेकतात आणि मग वर्षभरानं शोधत बसतात.
- वॉरंटीचा कागद, आरसी, टायर घेतल्याचं बिल. हे शेवटच्या टप्प्यात लागतं.

1. दिवा कसा पेटतो ते दोन मिनिटं नीट बघा

चावी चालू करा, इंजिन सुरू करा आणि घड्याळ बघत बसा. मोबाईलवर व्हिडिओही काढा, कारण वर्कशॉपमध्ये गाडी नेली की हा दिवा हमखास शहाण्यासारखा वागतो.

चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पेटून विझला तर सगळं ठीक आहे, ती दिव्याची स्वतःची तपासणी असते. पेटला आणि तसाच राहिला तर कुठल्या तरी चाकात हवा कमी आहे. पण मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर यंत्रणेलाच काहीतरी झालंय: चाकातला हवा मोजणारा सेन्सर बोलत नाही, गाडीतल्या रिसीव्हरला त्याचं ऐकू येत नाही किंवा बिनसेन्सरचं चाक बसलंय. हा 60 ते 90 सेकंद लुकलुकण्याचा नियम अमेरिकेतला आहे. तिथं 2007 च्या सप्टेंबरपासून सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना, पिकअप धरून, ही यंत्रणा सक्तीची झाली आणि बऱ्याच कंपन्यांनी तीच पद्धत इतर देशांतल्या गाड्यांनाही ठेवली. तरी मॅन्युअलमधलं एक पान वाचून खात्री करा. काही गाड्या लुकलुकण्याऐवजी पडद्यावर संदेश देतात.

हा फरक एकदा कळला की अर्धं काम झालं. स्थिर दिवा घेऊन इलेक्ट्रिशियनकडं जाऊ नका आणि लुकलुकणारा दिवा घेऊन हवा भरत बसू नका.

अजून एक. अमेरिकेतल्या त्याच नियमात हवा सांगितलेल्या आकड्यापेक्षा 25 टक्के कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे असं आहे. म्हणजे 36 ची हवा 27 वर येईपर्यंत काही गाड्या गप्प बसू शकतात. दिवा नाही म्हणून हवा बरोबर आहे असं धरून चालू नका.

2. तुमच्या गाडीत कोणती यंत्रणा आहे ते ओळखा

तीन प्रकार आहेत. पुढचे टप्पे त्यावर ठरतात.

पडद्यावर प्रत्येक चाकाचा वेगळा आकडा दिसत असेल तर चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, सेन्सर आहे. रिमवर धातूचा व्हॉल्व्ह आणि त्याला नट दिसला तर जवळजवळ नक्कीच. पण व्हॉल्व्ह रबरी आहे म्हणून आत सेन्सर नाही असं नाही, रबरी व्हॉल्व्हचेही सेन्सर येतात. आत सेन्सर, सोबत सीलबंद बॅटरी, आणि ते रेडिओवरून बोलतात. आपल्याकडं साधारण 433 मेगाहर्ट्झवर.

आकडे दिसत नाहीत, फक्त दिवा आहे आणि कुठं तरी 'सेट' किंवा 'रिसेट'चं बटण किंवा मेनू आहे, तर बहुतेक बिनसेन्सरची, म्हणजे टायरच्या आत सेन्सर नसलेली यंत्रणा. ती एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, चाकावरच्या सेन्सरवरूनच अंदाज बांधते. हवा कमी झालेलं चाक थोडं लहान होतं आणि इतरांपेक्षा जास्त फिरतं, तेवढ्यावर हिशोब.

तिसरा प्रकार बाहेरून बसवलेल्या किटचा. व्हॉल्व्हवर टोपीसारखे चार सेन्सर आणि डॅशबोर्डवर सोलरची छोटी पेटी. बोलेरो पिकअप, योधा वगैरे मालवाहू गाड्यांवर बसवून घेतलं जातं ते हेच.

3. थंड टायरवर गेज लावा, आणि थंड म्हणजे खरंच थंड

गाडी किमान तीन तास उभी असावी, उन्हात नसावी. सकाळी उठल्यावर मोजणं सगळ्यात बरं. पंपावर पाच-सात किलोमीटर चालवत नेली की आकडा चढलेला असतो.

आकडा कुठला धरायचा? ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा. पिकअपला तिथं पुढच्या आणि मागच्या चाकांचे वेगळे आकडे असतात, आणि बऱ्याचदा रिकाम्या नि भरलेल्या गाडीचे वेगळे. टायरच्या भिंतीवर छापलेला 'मॅक्स' आकडा हा टायर किती सोसेल याचा आहे, तुम्ही किती भरायचा याचा नाही. हा घोळ मी चांगल्या जुन्या ड्रायव्हरांनाही घालताना बघितलाय.

पडद्यावर पीएसआयऐवजी बार किंवा केपीए आलं असेल तर घाबरू नका, मेनूत कुणीतरी एकक बदललंय. एक बार म्हणजे 14.5 पीएसआय. 2.4 बार म्हणजे 35 च्या आसपास.

आता आपल्या हवामानाचं. ते मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. डिसेंबरात परभणीकडं पहाटे पारा एक आकड्यावर येतो आणि दुपारी तिशीला टेकतो. दुपारी 35 पीएसआय भरलेल्या चाकात दुसऱ्या दिवशी पहाटे 20 अंशांच्या फरकानं तीन पीएसआय सहज कमी दिसतात. मागच्या चाकात 60 असतील तर पाचच्या आसपास. म्हणून थंडीत पहाटे दिवा लागतो आणि रेणापूर-लातूर करेपर्यंत आपोआप विझतो. यंत्रणा ठणठणीत आहे. सकाळी थंड टायरवर स्टिकरचा आकडा गाठेल एवढी हवा भरा, विषय संपला.

मे महिन्यात याच्या उलट, आणि ते जास्त धोक्याचं. समृद्धीवर निधोन्याहून चढलात आणि दुपारच्या उन्हात काँक्रीटवरून तासभर गेलात की चार-सहा पीएसआय चढतातच. किटवाला पडदा कोकलायला लागतो. लोक गाडी बाजूला घेतात आणि पिन दाबून हवा सोडतात. असं करू नका. चालत्या टायरचा वाढलेला दाब टायर बनवणाऱ्यानं हिशोबात धरलेला असतो. गरम टायरमधून हवा सोडली की तो थंड झाल्यावर कमी भरतो. कमी हवेचा टायर जास्त लवतो, जास्त तापतो आणि लोडखाली फुटतो. हवा सोडायचीच असेल तर सकाळी थंड असताना, स्टिकर बघून.

गेजवरही डोळे मिटून विश्वास नको. पंपावरचं डिजिटल मशीन, पंक्चरवाल्याचा काटा आणि तुमचं गेज यांत दोन-तीनचा फरक असू शकतो. एकदा तिन्हींवर एकच चाक मोजून बघा आणि पुढं कायम एकच वापरा. पंपावर हवा फुकट मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, 'मशीन बंद आहे'चा बोर्ड कायमचा असेल तर तक्रारवही मागा.

4. हवा खरंच जाते का?

चारही चाकं बरोबर भरली, दिवा विझला आणि तिसऱ्या दिवशी परत लागला, तर यंत्रणेला दोष देऊ नका. कुठून तरी हवा जातेय.

आपल्याकडची नेहमीची कारणं: बाभळीचा काटा, तुरीचे नाहीतर पऱ्हाटीचे खुंट, आणि औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्यावरचे लोखंडाचे बारीक तुकडे. बाभळीचा काटा फार फसवा. तो टायरात मोडून राहतो, बाहेरून टोक दिसत नाही आणि दिवसाला दोन-तीन पीएसआयच जातात. शेतातून माल भरून आलात की एकदा हाताने टायर चाचपायची सवय लावा.

साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर मारा, मग व्हॉल्व्हच्या बुडाशी, मग रिम आणि टायरच्या सांध्यावर गोल, आणि शेवटी गोटीवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर. गाडी थोडी थोडी पुढं घेत सगळा टायर बघा. बुडबुडे मोठेच येतील असं नाही, पांढरा फेस हळूहळू फुलतो, तिथं एक मिनिट थांबायला लागतं. काळ्या मातीच्या चिखलातून गाडी काढली असेल तर सांध्यात सुकलेली माती आधी ब्रशनं काढा. टायर बदलताना तीच माती रिमच्या कडेला अडकली असेल तर तिथूनही हवा झिरपते.

5. शेवटचं पंक्चर कुठं काढलं ते आठवा

लुकलुकणारा दिवा असेल तर आधी इथंच या. दिवा पहिल्यांदा लागला त्याच्या आदल्या आठवड्यात चाक उघडलं होतं का? असेल तर बहुतेक उत्तर त्यातच आहे.

मराठवाड्यात फाट्याफाट्यावर पंक्चरचं दुकान आहे आणि त्या पोरांचा हात चालता असतो. पण चाकाच्या आत नाजूक काही असेल हे त्यांच्या गावीही नसतं. टायर सोडवताना मशीनचा फाळ किंवा टॉमी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पट्टी, नेमकी व्हॉल्व्हजवळ घातली की सेन्सरचं प्लास्टिक तडकतं. म्हणून चाक हातात देण्याआधीच सांगा, "दादा, आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हच्या जागी टॉमी घालू नको, समोरच्या बाजूनं सुरू कर." जमलं तर व्हॉल्व्हच्या बाजूला खडूनं खूण करा. मी तर उभा राहूनच करून घेतो.

दुसरा प्रकार ट्यूबचा. ट्यूबलेस टायरला कापलं गेलं की "आत ट्यूब टाकून देतो, टेन्शन संपलं" असं सांगतात. ट्यूब घालायला आतला सेन्सर काढावाच लागतो. तो बाजूला टेबलावर पडतो आणि तुम्ही पाच किलोमीटर गेल्यावर दिवा लुकलुकतो. नाइलाज म्हणून ट्यूब घातलीच, तर तो सेन्सर मागून घ्या, पुडीत बांधून ठेवा आणि चांगला टायर आला की परत बसवा.

तिसरा प्रकार पंक्चर थांबवणाऱ्या द्रवाचा. व्हॉल्व्हमधून ओततात तो हिरवा किंवा गुलाबी पातळ पदार्थ सेन्सरच्या बारीक भोकात जाऊन बसतो. मग आकडा एकाच जागी अडकतो किंवा भलताच येतो. आत सेन्सर असेल तर हा द्रव नकोच. त्यापेक्षा भोकात बाहेरून रबरी काडी मारून घेतलेली बरी, आणि नंतर निवांत आतून पॅच.

व्हॉल्व्हच्या पिनचंही एक आहे. धातूच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन घातली तर दोन्ही धातू ओलाव्यात एकमेकांना खातात आणि पिन आतच जाम होते. पुढं काढताना व्हॉल्व्ह मोडतो, म्हणजे सेन्सर गेला. तिथं निकेलचा मुलामा दिलेली, चंदेरी पिन लागते. टोपीही प्लास्टिकची ठेवा. चकचकीत धातूच्या टोप्या दिसायला छान, पण व्हॉल्व्हवर गंजून बसल्या की पक्कड लावावी लागते. टायर बदलताना व्हॉल्व्हचं रबर, नट, पिन हे सगळं नवं घाला. त्याचा खर्च किरकोळ असतो.

आणि स्टेपनी. पिकअपची स्टेपनी खाली साखळीला लटकलेली, तिच्यात सेन्सर असेलच असं नाही. स्टेपनी लावल्यावर दिवा लुकलुकत असेल तर ते साहजिक आहे. मूळ चाक परत लावा आणि थोडी गाडी चालवा. मूळ चाक पंक्चर अवस्थेत हौद्यात पडून असेल, तर कधी कधी तोच सेन्सर 'हवा नाही' असं कळवत राहतो.

6. सोलरवालं किट असेल तर

इथं जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच किटांचा.

पहिलं, इशाऱ्याची मर्यादा. ही किटं बहुतेक कारसाठी म्हणून विकली जातात. वरचा इशारा 45 पीएसआयच्या आसपास ठरवलेला असतो. तुमच्या मालवाहू गाडीच्या मागच्या चाकात 55-60 भरले की पडदा पहिल्या दिवसापासून बोंबलतो आणि दुकानदार म्हणतो 'सेन्सर खराब'. खराब काही नाही. मेनूत जाऊन पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मर्यादा वेगळ्या ठेवा. वरची मर्यादा थंड आकड्यापेक्षा 25 टक्के जास्त आणि खालची 15-20 टक्के कमी ठेवली तर उन्हाळ्यातही शांतता राहते. घेतानाच बघा की सेन्सर किती दाबापर्यंत मोजतो. कारपुरतं मोजणारा सेन्सर पिकअपच्या मागच्या चाकाला उपयोगाचा नाही.

दुसरं, एका चाकाचा आकडा गायब. पुढचा डावा आणि पुढचा उजवा सेन्सर अदलाबदल करून थोडी गाडी फिरवा. सेन्सर ओळखीनं बांधलेले असतात, त्यामुळं डाव्याचा सेन्सर उजव्या चाकावर गेला तरी पडद्यावर तो डावाच म्हणून दिसेल. आता जो आकडा आधी येत नव्हता तोच अजूनही येत नसेल तर सेन्सर किंवा त्याची बॅटरी गेलीय. जागा बदलल्यावर तो येऊ लागला तर व्हॉल्व्हकडं बघा. आटे झिजल्यानं सेन्सर पुरता बसत नसेल आणि आतली पिन दाबली जात नसेल. खेळ झाल्यावर सेन्सर आपापल्या जागी परत लावा, नाहीतर पंक्चर डावीकडं आणि तुम्ही जॅक उजवीकडं.

तिसरं, बॅटरी. टोपीवाल्या बहुतेक सेन्सरमध्ये 1632 नंबरची बटण-बॅटरी असते. म्हणजे 16 मिलिमीटर रुंद, 3.2 जाड. मोबाईलच्या दुकानात सर्रास मिळते ती 2032, ती 20 रुंद आहे, बसणार नाही. 1632 घड्याळवाल्याकडं मिळते. वर्ष-दोन वर्षांत ती संपते, आणि पहिल्यांदा दगा देते ती थंडीच्या पहाटे. पान्यानं टोपी उघडा, बॅटरीची वरची बाजू लक्षात ठेवून बदला, आतली रबरी रिंग जागेवर आहे ना ते बघून घट्ट करा. रिंग चिरली असेल तर पावसाळ्यात पाणी शिरून सेन्सर मरतो.

चौथं, सेन्सरच हवा घालवतो. टोपीवाला सेन्सर पिन कायम दाबून ठेवतो. म्हणजे हवा अडवायचं काम पिन करत नाही, सेन्सरच्या तळाची रबरी रिंग करते. सेन्सर लावल्यावर तिथं साबणाचं पाणी मारायलाच हवं. आणि साध्या रबरी व्हॉल्व्हवर, शिवाय लांब असेल तर, वेगात सेन्सरचं वजन त्याला बाहेर वाकवत राहतं आणि बुडाशी चीर पडते. साधा रबरी व्हॉल्व्ह साधारण 65 पीएसआयपर्यंतच सोसतो, हेही ध्यानात ठेवा. लोडच्या गाडीला आखूड धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्या, मगच किट लावा.

पाचवं, पेटी. मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड किती तापतो ते सांगायला नको. पेटीतली छोटी बॅटरी त्या उष्णतेनं फुगते आणि पेटी दिवसा चालते, रात्री मरते. पेटी फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका, काढून टाका. दुपारी गाडी उभी करताना पेटी खाली, सीटजवळ ठेवायची सवय बरी.

सेन्सर चोरीला जाऊ नये म्हणून दिलेला लॉकनट मी लावत नाही. त्यामुळं हवा भरणं इतकं किचकट होतं की ड्रायव्हर हवाच भरत नाही.

7. कंपनीचा सेन्सर: बॅटरी संपली की ओळख विसरला?

गाडी रात्रभर उभी असताना पडद्यावर आकड्यांच्या जागी रेघा दिसतात. ते ठीक आहे. चाकं थांबली की सेन्सर झोपतात, गाडी थोडी चालली की एकेक आकडा उगवतो. दहा-पंधरा मिनिटं चालवूनही एक चाक मुकं राहिलं तर पुढं जा.

आतल्या सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं चालते. ती सीलबंद असते, सेन्सरच बदलावा लागतो. गाडीला सात-आठ वर्षं झाली आणि एक गेला, तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत. टायर बदलायची वेळ जवळ असेल तर चारही एकदम बदला, परत परत टायर उघडायची मजुरी वाचते. नाहीतर एकच बदला, कुणी भरीस घातलं तरी.

विकत घेताना एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा: फ्रिक्वेन्सी. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे काही सेन्सर अमेरिकन गाड्यांचे, 315 मेगाहर्ट्झचे असतात. ते तुमच्या 433 वाल्या गाडीशी जन्मात बोलणार नाहीत. शिवाय 'युनिव्हर्सल' सेन्सर कोरा येतो, त्यात तुमच्या गाडीची भाषा भरावी लागते. ज्याच्याकडं टीपीएमएसचं हातातलं मशीन आहे त्याच्याकडूनच घ्या. तो जुन्या सेन्सरची ओळख नव्यात उतरवू शकला तर गाडीला काही शिकवावंच लागत नाही.

नाहीतर गाडीला नवा सेन्सर ओळखायला लावावा लागतो. काही गाड्या थोडा वेळ चालवल्यावर स्वतः शिकतात. काहींना मेनूतून शिकवायचं असतं, तेही ठरलेल्या क्रमानं, साधारण पुढच्या डाव्या चाकापासून. काहींना स्कॅनर जोडावाच लागतो. यात दुसरी गाडी शेजारी उभी नको, तिचे सेन्सर मधेच बोलतात. चाकांची अदलाबदल केली असेल तरी हे परत करा. आत सेन्सर बसला की बॅलन्सिंगही करून घ्या.

8. बिनसेन्सरची यंत्रणा

हिच्यात बिघडायला फार काही नाही. हवा भरल्यावर, टायर बदलल्यावर किंवा चाकांच्या जागा बदलल्यावर रिसेट करायचं, आणि तेही चारही चाकं बरोबर भरल्यानंतरच. हवा कमी असताना रिसेट दाबलं की ती कमी हवाच बरोबर धरते. मागं दोन नवे, पुढं दोन घासलेले टायर असतील तरी ती गोंधळते. चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर तिला कळतही नाही. सोबत एबीएसचा दिवा लागला असेल तर आधी एबीएस बघा. चिखलातून आल्यावर चाकाच्या आतल्या दातेरी रिंगवर माती बसते, पाण्यानं धुवून घ्या.

9. एकाच वेळी चारही चाकं मुकी

चार सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. म्हणजे दोष ऐकणाऱ्याकडं आहे.

फ्यूज बघा, मॅन्युअलमध्ये कुठला ते असतं. मग आठवा की हल्ली गाडीत नवं काय बसवलं: डॅशकॅम, स्वस्तातला मोबाईल चार्जर, एलईडीचे दिवे, इन्व्हर्टर. यातले काही इतका रेडिओचा गोंगाट करतात की रिसीव्हरला सेन्सर ऐकू येत नाही. एकेक काढून गाडी चालवून बघा. टेप किंवा सेंट्रल लॉक बसवताना वायरमननं एखादी जोडणी सैल केली असेल, तीही बघून घ्या.

बॅटरीची टर्मिनल काढून परत लावण्याचा सल्ला सगळे देतात. दिवा थोडा वेळ विझतो आणि परत येतो, वर घड्याळ आणि टेपच्या सेटिंग जातात. मोबाईलला जोडायचा स्वस्त ओबीडी स्कॅनरही इथं कामाचा नाही. तो बहुतेक इंजिनाचेच कोड वाचतो, टायरच्या यंत्रणेचे नाही.

10. आता शोरूम

इतकं करून दिवा हटत नसेल तर जा. सोबत आरसी, वॉरंटीचा कागद, टायरचं बिल आणि पहिल्या टप्प्यातला व्हिडिओ असू द्या. जॉबकार्डवर 'टीपीएमएस चेक' एवढंच लिहू देऊ नका. 'दिवा मिनिटभर लुकलुकतो मग स्थिर, मागच्या उजव्या चाकाचा आकडा येत नाही, थंड हवा चारही चाकांत स्टिकरप्रमाणे' असं लिहून घ्या. कुठला सेन्सर मेला ते मशीनवर दाखवा म्हणायचं आणि काढलेला जुना सेन्सर परत मागायचा. वॉरंटीत असाल तर आधी बाहेर कुणाला वायर कापू देऊ नका, तेवढ्यावरून दावा नाकारतात.

वॉरंटीत असूनही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. 'गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही' असं कुणी सांगितलं तर ते पूर्ण खरं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा मालक ग्राहकच धरला जातो. मात्र पाच-दहा गाड्यांचा व्यवसाय असेल तर ही सूट मिळणं अवघड आहे.

दुरुस्ती झाली की पैसे देण्याआधी तिथंच तपासा. ज्या चाकाचा सेन्सर बदलला त्याची पिन दाबून दहा-बारा पीएसआय सोडा. पडद्यावरचा आकडा तेवढाच उतरला पाहिजे आणि दिवा लागला पाहिजे. किटमध्ये हे लगेच होतं, कंपनीच्या यंत्रणेत कधी गाडी थोडी फिरवावी लागते, बिनसेन्सरच्या यंत्रणेत अशी झटपट परीक्षा होत नाही. मग हवा परत भरून घ्या, दिवा विझला का बघा, आणि शेजारच्या चाकाचा आकडा उतरला असेल तर जागा चुकीच्या शिकवल्यात, तिथंच परत करायला लावा.